पाचारण आणि पदवी

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस, रविवारची मिस्सा आटोपून देवळाच्या पायऱ्या उतरत असताना आमच्या धर्मग्रामातील एका गृहस्थांनी माझ्या हाती एक गुळगुळीत माहितीपुस्तिका ठेवली. "सर, तुम्ही जन्मभर पुस्तकांवर लिहीत आलात. आता एवढं वाचा आणि सांगा, पोरीला पाठवू की नको?" गृहस्थ सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला, पत्नी परिचारिका, थोरली मुलगी बारावी झालेली. तिला बी.बी.ए. करायचे होते, आणि तेही ख्रिस्ती विद्यापीठात. बंगळूरच्या ख्राइस्ट विद्यापीठाचे एक संकुल आपल्याच महाराष्ट्रात, पुण्यापलीकडे लवासा येथे आहे. तेथे व्यवसाय-विश्लेषणाची पदवी मिळते. वडिलांना शैक्षणिक कर्जाची चिंता, आईला अंतराची. आजीचा आक्षेप मात्र तात्त्विक होता. "एवढी वर्षं शिकून शेवटी काहीतरी विकायचंच ना? मग आपल्या कॉलेजरोडला काय कमी दुकानं आहेत?"

पुस्तिका मी वाचली. माहितीपुस्तिका हा एक वाङ्मयप्रकारच आहे आणि कोणत्याही संस्थेची घ्या, त्याचे संकेत ठरलेले असतात: हिरवळीवर हसणारी मुले, काचेची इमारत, 'नेतृत्व' आणि 'उत्कृष्टता' हे शब्द दर पानावर. त्यावर टीका करण्यात फारसे पुरुषार्थ नाही. पण त्या निमित्ताने एक जुना प्रश्न पुन्हा वर आला. व्यवसायाची पदवी जेव्हा ख्रिस्ती विद्यापीठ देते, तेव्हा त्यातील 'ख्रिस्ती' हे विशेषण कशाला लागते? इमारतीला, व्यवस्थापनाला, की त्या विद्येला? उत्तर पुस्तिकेत मिळण्यासारखे नव्हते. म्हणून ज्या संहितांच्या आधारे ख्रिस्तसभा या विषयावर बोलते त्या पुन्हा काढून बसलो. या लेखात त्यांचेच परीक्षण आहे.

पहिली अडचण शब्दाचीच आली. न्याय व शांती यांसाठीच्या परमपीठीय परिषदेने २०१२ मध्ये, कार्डिनल पीटर टर्कसन हे तिचे प्रमुख असताना, व्यवसाय चालविणाऱ्यांसाठी एक चिंतनपर पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्या शीर्षकाचा मराठी अर्थ होतो 'व्यवसाय-प्रमुखाचे पाचारण'. हे शीर्षक मोठ्याने वाचून पाहा. आपल्या कानाला ते खटकते. पाचारण म्हटले की आपल्यासमोर सेमिनरीत जाणारा मुलगा येतो, वधस्तंभापुढे शपथ घेणारी धर्मभगिनी येते. पाचारण-रविवारी आपण प्रार्थना करतो ती त्यांच्यासाठी. फार तर डॉक्टर, परिचारिका, शिक्षक यांच्या कामाला 'सेवा' म्हणून आपण त्या शब्दाच्या ओसरीवर बसू देतो. दुकानदार, घाऊक व्यापारी, कारखानदार यांच्या वाट्याला 'धंदा' हा शब्द येतो, आणि मराठीत 'धंदा' म्हणताना ओठ किंचित मुडपले जातात. 'काय धंदे चालवलेत' हा वाक्प्रचार कौतुकाचा नाही.

हा भाषेतला संकोच आपल्या समाजाच्या इतिहासातून आलेला आहे. नाशिकच्या कॅथॉलिक वस्तीकडे पाहिले तर काही कुटुंबे रेल्वेबरोबर आली, काही नाशिकरोडच्या नोटा आणि मुद्रांक छापणाऱ्या सरकारी छापखान्यांत लागली, काही ओझरच्या विमान कारखान्यात, काही सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत. मुली परिचारिका नाहीतर शिक्षिका झाल्या. नगर जिल्ह्यातील खेड्यांतून आलेल्यांच्या मागे तर भांडवल नावाची गोष्ट कधी नव्हतीच. महिन्याच्या ठरल्या तारखेला येणारा पगार हीच आमची मुक्ती होती, आणि ते खोटे नव्हते. १९८७ मध्ये नाशिक हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला; त्याच्या शाळांनी हजारो मुले घडवली, पण ती बहुतांशी दुसऱ्याच्या कचेरीत बसण्यासाठी. तेव्हा आजीबाईंच्या त्या वाक्यात नुसता भाबडेपणा नाही, तीन पिढ्यांचा अनुभव आहे.

व्हॅटिकनची पुस्तिका नेमकी या संकोचाला हात घालते, हे तिचे पहिले श्रेय. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये श्रद्धा आणि दैनंदिन जीवन यांतील फारकतीला आपल्या युगाच्या गंभीर चुकांमध्ये गणले होते. पुस्तिका त्या फारकतीला 'विभागलेले जीवन' म्हणते: रविवारी एक माणूस, सोमवारी दुसरा. तिची मांडणी 'पाहा, पारखा, कृती करा' या जुन्या, कार्डिनल कार्दाइन यांनी तरुण कामगारांसाठी रूढ केलेल्या पद्धतीची आहे. पाहायचे ते जागतिकीकरण, नवी संपर्कसाधने, अर्थव्यवस्थेवर वित्तव्यवहारांनी बसवलेली पकड आणि बदलती संस्कृती. पारखायचे ते मानवी प्रतिष्ठा आणि सर्वांचे हित या दोन कसोट्यांवर. आणि मग व्यवसायाचे सार तीन गोष्टींत सांगितले आहे: चांगल्या वस्तू, चांगले काम, चांगली संपत्ती. माणसाच्या खऱ्या गरजेची वस्तू बनवावी. ती बनवणाऱ्याचे काम त्याला लहान करणारे नसावे. निर्माण झालेली संपत्ती टिकाऊ असावी आणि तिची वाटणी न्याय्य असावी. शेवटी आत्मपरीक्षणासाठी प्रश्नांची एक यादी आहे. प्रायश्चित्त संस्कारापूर्वी आपण सद्‌सद्विवेकबुद्धीची झडती घेतो, तिचीच ही दुकानदारी आवृत्ती म्हणा ना!

पुस्तिका स्वच्छ आहे, सुबोध आहे. बी.बी.ए.च्या पहिल्या वर्षात विपणन, लेखाशास्त्र, संख्याशास्त्र, व्यावसायिक कायदा यांबरोबर ती वाचायला दिली तर तीन वर्षांच्या त्या साऱ्या विषयांना एक कणा मिळेल असे मला वाटते. पण समीक्षक म्हणून तिच्यातील एक उणीव झाकता येत नाही. तिचा वाचक सतत वर बसलेला आहे. निर्णय घेणारा, धोरण ठरवणारा, मनुष्यबळाला 'आदराने वागवणारा' असा तो कोणी प्रमुख आहे. आमच्या धर्मग्रामातील मुलगी एकविसाव्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडेल तेव्हा ती प्रमुख नसेल. ती एखाद्या विक्री विभागात सर्वांत खालच्या टेबलावर असेल, तिला महिन्याचे उद्दिष्ट दिलेले असेल, आणि तिच्या पगारातून घरच्या कर्जाचा हप्ता जात असेल. वरिष्ठाने ग्राहकापासून एखादी अट लपवायला सांगितली तर तिने काय करावे? ज्याला 'नाही' म्हणणे परवडते त्याच्याशी ही पुस्तिका बोलते. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी तिच्यात फार थोडे आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांच्या दोन लेखनांचा येथे ओझरता उल्लेख करतो. १५ ऑगस्ट १९९० चे 'एक्स कोर्दे एक्लेसिए' हे कॅथॉलिक विद्यापीठांविषयीचे प्रेषितीय विधानपत्र ख्रिस्तसभेच्या हृदयातून विद्यापीठ जन्मल्याची आठवण देते, श्रद्धा आणि बुद्धी यांच्या संवादावर त्यात सुंदर पाने आहेत. पण व्यवस्थापनशास्त्राचा स्वतंत्र विचार तेथे शोधू नये. १ मे १९९१ चे 'सेन्तेसिमुस आन्नुस' हे विश्वपत्र अधिक उपयोगी. नफा हे उद्योगाच्या प्रकृतीचे एक लक्षण आहे, एकमेव नव्हे, असे ते मानते, आणि जमीन व भांडवल यांच्या जागी माणसाचे ज्ञान हीच प्रमुख संपत्ती होत चालल्याचे नोंदवते. त्याच वर्षी २४ जुलैला आपल्या देशाचा तो प्रसिद्ध अर्थसंकल्प आला. हा योगायोग खरा. पण आमच्या धर्मग्रामांतून त्या दोन घटना एकत्र वाचल्या गेल्या नाहीत, आणि नंतरच्या काळात आपल्या मुलांनी व्यवस्थापनाच्या पदव्यांकडे धाव घेतली ती कोणत्याही विश्वपत्राच्या प्रकाशात नव्हे.

ज्या संहितेने मला सर्वांत अधिक गुंतवले ती मात्र रोमची नाही, केरळची आहे. ख्राइस्ट विद्यापीठ चालविणारा सी.एम.आय. हा धर्मसंघ १८३१ मध्ये मान्नानम येथे सुरू झाला. त्याच्या संस्थापकांपैकी एक, कुरियाकोस एलिअस चावरा यांना २०१४ मध्ये संत म्हणून घोषित करण्यात आले. त्यांनी १८६८ मध्ये आपल्या कैनकरी या जन्मगावच्या धर्मग्रामस्थांना एक दीर्घ पत्र लिहिले. त्याचे नाव 'चावरुळ', म्हणजे एका भल्या बापाने मरतेवेळी मागे ठेवलेले शब्द. त्याचा एक भाग कुटुंब कसे चालवावे याविषयी आहे, दुसरा मुलांना कसे वाढवावे याविषयी. मी ते इंग्रजी अनुवादातून वाचले.

आश्चर्य असे की ही भक्तिपर पुस्तिका असूनही तिच्यात पैशाविषयी किती थेट बोलले आहे! कर्ज काढू नये, नाइलाज असेल तर ते वेळेवर फेडावे. संपत्तीचे प्रदर्शन करू नये. मजुराची मजुरी बुडवू नये, तिला उशीरही करू नये. आळस हा दुर्गुणांचा पाया. चावरा उपदेश करतात, पण त्यांचा डोळा शेतावर, कोठारावर, सणाच्या खर्चावर आहे. व्हॅटिकनच्या पुस्तिकेत 'संपत्तीची न्याय्य वाटणी' असे तत्त्व आहे. 'चावरुळ'मध्ये संध्याकाळी घरी जाणारा मजूर आहे. वाङ्मयदृष्ट्या हा फरक फार मोठा आहे. तत्त्व मान्य करून माणूस पुढे जातो. मजूर दारात उभा असला की त्याला ओलांडून जाता येत नाही.

आणि हे लिहिणारा माणूस हिशेबाला अनोळखी नव्हता. १८४६ मध्ये त्यांनी मान्नानमला छापखाना काढला. तिरुवनंतपुरमचा सरकारी छापखाना पाहून केळीच्या खांबापासून यंत्राचा नमुना तयार केल्याची आठवण सांगितली जाते. प्रत्येक देवळाला जोडून शाळा असावी असा आदेश त्यांनी काढला, आणि गरीब मुलांच्या दुपारच्या जेवणासाठी 'पिडियरी' योजली: रोजचा भात शिजवताना प्रत्येक घराने मूठभर तांदूळ बाजूला काढायचा. भांडवल उभारणीचा याहून साधा धडा कोणत्या क्रमिक पुस्तकात असेल? आज ज्याला निधी-संकलन म्हणतात ते स्वयंपाकघरातल्या डब्यातून सुरू झाले.

तरीही 'चावरुळ'ची पूजा बांधण्याचे कारण नाही. तो बापाचा ग्रंथ आहे, आणि बाप त्यात फार मोठा आहे. आज्ञापालन, मुलांवर सततची नजर, मुलींच्या वावराविषयीची भीती ही त्या काळाची खूण त्याच्या पानापानांवर आहे. एखादी अठरा वर्षांची मुलगी घरापासून अडीचशे किलोमीटरांवर, वसतिगृहात राहून संख्याशास्त्र शिकेल, ही कल्पना त्या चौकटीत बसत नाही. गंमत अशी की त्याच चावरांनी दोनच वर्षे आधी, १८६६ मध्ये, कूनम्माव येथे स्त्रियांचा धर्मसंघ सुरू करण्यात पुढाकार घेतला होता आणि मुलींचे शिक्षण हे त्या संघाचे मोठे कार्य ठरले. माणूस आपल्या ग्रंथाच्या पुढे गेलेला होता. असे पुष्कळदा होते. टीकाकारांनी त्याची नोंद घ्यावी.

आता लवासाविषयी. एप्रिलमधल्या त्या गृहस्थांना मी हे बोललो तेव्हा ते जरा दचकले. वरसगावच्या जलाशयाकाठचे ते डोंगरातले शहर स्वतःच व्यवसायशिक्षणाचे एक प्रकरण आहे. खाजगी कंपनीने उभारलेले नवे शहर म्हणून त्याचा गाजावाजा झाला. जमिनी आणि पर्यावरण यांवरून आक्षेप आले. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबविण्याची नोटीस काढली. २०१८ मध्ये त्या कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. वर्गात जे शिकायचे त्याचे उदाहरण खिडकीबाहेर आहे. चांगल्या वस्तू, चांगले काम, चांगली संपत्ती या तीन कसोट्या लावून विद्यार्थ्यांनी त्या एकाच गावाचा अभ्यास केला तर तो प्रबंध मी आनंदाने वाचीन. कोणाचे भांडवल गेले, कोणाचे घर अर्धवट राहिले, डोंगरावर आधी राहणाऱ्यांचे काय झाले, हे सारे आकडे आहेतच. आणि विश्लेषण ही तर त्यांची विद्याच आहे.

अभ्यासक्रमांत उदाहरणे बहुधा परदेशी कंपन्यांची असतात. ख्रिस्ती विद्यापीठाला तरी ती उसनी आणावी लागू नयेत. वसईच्या आपल्या बांधवांनी १९१८ मध्ये मोन्सिग्नोर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने सहकारी पतसंस्था काढली, तिचीच पुढे बसीन कॅथॉलिक बँक झाली. त्याआधी १९०९ मध्ये छोटा नागपूरला येशूसंघीय फादर हॉफमन यांनी आदिवासींना सावकाराच्या हातून सोडवण्यासाठी पतसंस्था उभारली होती. स्पेनमधील मोंद्रागोनला १९४१ मध्ये एक तरुण धर्मगुरू आला, १९४३ मध्ये त्याने तंत्रशाळा काढली, १९५६ मध्ये त्या शाळेच्या पाच विद्यार्थ्यांनी कामगारांच्याच मालकीचा पहिला कारखाना सुरू केला. आज त्या सहकारी समूहाचे नाव जगभर घेतले जाते. तेथे आधी शाळा होती, मग कारखाना, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. या धर्मगुरूंपैकी कोणी व्यवस्थापनाची पदवी घेतलेली नव्हती, हे आजीबाई लगेच म्हणतील. खरे आहे. पण त्यांच्या संस्था पुढच्या पिढ्यांना चालवाव्या लागल्या, आणि चांगल्या हेतूने सुरू झालेल्या किती पतसंस्था केवळ हिशेब न कळल्यामुळे बुडाल्या हे महाराष्ट्राला सांगायला नको.

शुभवर्तमानातही व्यवसायाच्या मुलांसाठी एक दाखला आहे, ज्याच्यावर प्रवचन देताना आपले धर्मगुरू नेहमी थोडे अडखळतात: लूकच्या सोळाव्या अध्यायातील अविश्वासू कारभाऱ्याचा. नोकरी जाणार हे कळताच तो धन्याच्या ऋणकोंना बोलावतो आणि तेलाच्या शंभर मापांचे पन्नास, गव्हाच्या शंभराचे ऐंशी करून देतो; आणि धनी त्याची वाखाणणी करतो! 'मॅनेजर'ला मराठीत याहून चांगला शब्द नाही. आपल्या खेड्यांत बायको नवऱ्याला 'कारभारी' म्हणते, कारण घर त्याचे असले तरी तो त्याचा विश्वस्तच असतो. त्या दाखल्यातला माणूस लबाड आहे आणि हुशार आहे. प्रभू त्याची लबाडी नव्हे, हुशारी पुढे करतो, असे भाष्यकार सांगतात. व्यवसायाच्या वर्गात हा दाखला घेतला तर तास वादात जाईल, आणि तो तास वाया गेला असे मी म्हणणार नाही. तसाच द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला. तो नाशिककराला समजावून सांगावा लागत नाही. ऑक्टोबरच्या छाटणीला दिंडोरी-निफाडच्या बागांत पेठ-सुरगाण्याहून मजूर येतात. उशिरा आलेल्याला पूर्ण मजुरी देणारा बागायतदार हिशेबात बसत नाही, हे आपल्याला शेतावरच कळते.

मुलगी शेवटी गेली. माझ्या सल्ल्याने नव्हे. आईने एका संध्याकाळी ठरवले आणि विषय संपला. जाताना मी तिला 'चावरुळ'ची माझी प्रत दिली, समासातल्या खुणांसह. नाताळच्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा पुस्तक परत करायला आली. आजीही सोबत होती.

"सर, मजुरीबद्दलच्या भागात उशिराचा उल्लेख आहे," ती म्हणाली. "आमच्या पुस्तकात देणी किती दिवसांनी चुकवायची याचं एक गुणोत्तर आहे. देणी जितकी लांबवाल तितकी रोकड हाती राहते. ते चांगल्या व्यवस्थापनाचं लक्षण म्हणून येतं."

मी तिला २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्याची आठवण दिली. लहान पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत असे त्यात आहे. तिला ते ठाऊक होते. ती म्हणाली, "कायदा पुरवठादारासाठी आहे. चावरा मजुराबद्दल बोलतात. बाबांच्या कारखान्यात ठेकेदाराच्या माणसांना दर महिन्याला दहा-बारा दिवस उशिरा मिळतात. ते कुणाच्या ताळेबंदात दिसतं?"

आजीने चहाचा कप खाली ठेवला. "किराणावाल्याच्या वहीत," ती म्हणाली.